तरवट्यावर काढलेले दिवस

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भूमकडच्या गावात पाझर तलावाचं काम निघालं, आणि लिंगायताच्या घरातली सून असूनही मी टोपली घेऊन बांधावर गेले. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. तिला बाभळीखाली झोळीत टाकायचं आणि माती वाहायची. खायला रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि ओढ्याच्या ओलीला उगवलेला तरवट्याचा पाला, दोन्ही वेळा तेच. माझं दूध आटत चाललं. पोर दोन घोट ओढायची, तोंड सोडायची आणि रडायची. रडणंही दिवसेंदिवस बारीक होत गेलं, तसा माझ्या जिवाला घोर लागला. एका जागी बसवेना. सासूबाई म्हणायच्या, "महादेवाला काळजी हाय." मला त्यांचा रागच यायचा.

कामावरची माझी जोडीदारीण बौद्धवाड्यातली. तिचंही लेकरू तेवढंच, पण गुटगुटीत. टोपली डोक्यावर घेताना तिची चोळी दुधानं भिजायची. मी ते बघून जळायचे, खोटं कशाला बोलू? एवढं दूध कुठून येतं, याचं उत्तर मी माझ्यापुरतं काढलं होतं: मटण. चाऱ्यावाचून जनावरं पटापट पडत होती, माळावर गिधाडं बसलेली असायची. आम्ही पाला खाणारे मरणार आणि हे लोक जगणार, असं मी रोज घोकायचे.

एका दुपारी धीर सुटला. गळ्यातलं लिंग पदराआड घट्ट धरून मनातल्या मनात माफी मागितली आणि तिला बाजूला नेलं.

"मला थोडं मटण दे. घरी कळू द्यायचं न्हाय."

"कसलं मटण?"

"पडलेल्या बैलाचं. तुमच्यात असंलच की."

तिनं टोपली खाली ठेवली. "वैनी, आमी धर्म घेतला तवाच मेलेलं जनावर सोडलं. उपाशी ऱ्हाऊ, पर त्याला हात लावणार न्हाय." मग फडकं सोडून माझ्यापुढं धरलं. मिलोची भाकरी, वर तरवटा. "ह्येच खातो आमी."

मी तिथंच रडायला लागले. लाज वाटत होती, पण भीती तिच्याहून मोठी होती. मटणानं पोर वाचेल, एवढाच आधार होता, तोही गेला.

झोळीतून कुरकुर ऐकू आली. जोडीदारणीचा राग उतरला नव्हता. तशीच ती गेली, हात पदराला पुसले, मुलीला उचललं आणि बांधाकडे पाठ करून बसली. तिच्या घरचं पाणीसुद्धा आम्ही कधी घेतलं नव्हतं. पोर काढून घ्यायला माझा हात पुढे गेला. मुलगी घटाघटा पीत होती. मी हात मागे घेतला, तिची टोपली उचलली आणि वाहायला लागले.

मुकादम वरून ओरडला, "जोडीतली दुसरी कुठं गेली?"

सगळी माणसं बघायला लागली. सासूबाईंच्या कानावर जाणार, हे मला कळत होतं. मी मोठ्यानं सांगितलं, "माझ्या लेकीला पाजायलीय."