उघाडीचा हिरवा दिवा

अष्टमी गावची नमिता कामाला वाघीण, पण चूक दाखवली की नाकाच्या शेंड्यावर राग. पेणच्या खाडीकाठी बांधाला जो पाण्याचा दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला तो बंद हवा, ओहोटीला उघडा. तो आपोआप चालवणारी पेटी नमिताने बनवली. भरतीच्या वेळा दर आठवड्याला मोबाइलवरून पेटीतल्या चिपवर लिहायच्या. लिहिताना वीज गेलीच, तर पेटीने अर्धवट मजकूर टाकून देऊन मागचा धड मजकूर वाचायचा. या युक्तीचा बाईला कोण अभिमान!

त्या दुपारी ती नव्या वेळा पाठवून बांधालगतच्या धोंडुबाईच्या पडवीत चहाला बसली. एवढ्यात ढग गडगडले. उघाडीच्या राखणदार दाजींनी सवयीने मेन स्विच ओढला. वीज पडून टीव्ही जळाल्यापासून सारं गाव तेच करतं. गडगडाट थांबल्यावर त्यांनी तो परत चालू केला. पेटीवर हिरवा दिवा लागला.

धोंडुबाई नुकत्याच लावलेल्या भाताच्या खाचराकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "गो नमिता, पानी चढतंय!"

"दिवा हिरवा आहे ना मावशी, मग काळजी कसली?"

धोंडुबाईने ओलं बोट जिभेला लावलं. "खारं हाय! माझी जीभ खोटं बोलंल काय?"

नमिता पडवीतून उठली. धावत जाऊन बघते तो भरती लागलेली आणि उघाडी सताड उघडी. नव्या वेळा लिहून होण्याआधीच वीज गेली होती; पेटी इमानेइतबारे मागच्या आठवड्याच्या वेळा पाळत होती, आणि आठवड्याभरात भरती-ओहोटी पार उलटी होते.

हाताने फिरवायचं चाक पेटी आल्यापासून कुणी हलवलंच नव्हतं. ते गंजलं होतं. तिघं त्याला लोंबकळली. पाणी ढोपराला लागलं तेव्हा कुठे चाक करकरलं आणि दरवाजा खाली बसला. गावाची शेतं वाचली. धोंडुबाईचं खाचर मात्र खाऱ्या पाण्याखाली गेलं.

"तुझ्या पेटीला ठावं व्हतं, काय तरी बिनसलंय?" धोंडुबाईने विचारलं.

"व्हय," नमिता म्हणाली. तिला रडू आवरेना.

आता मजकूर बिघडला की पेटी दरवाजा बंद करते आणि भोंगा वाजवते. पावसाळ्यात वीज सारखी जाते, मग तो ऊठसूट बोंबलतो. गाव नमिताला शिव्या घालतं.

धोंडुबाई तेवढी म्हणते, "बोंबलू दे. गप ऱ्हायला तवाच माझं शेत गेलं."