ठकीचे दोन आणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता तीही राहिली नाही. तुम्ही ऐकताय, म्हणून बोलतो.

ठाण्याच्या खाडीकाठी एका मिठागरावर मी मुकादम होतो. आगगाडी तेव्हा नवी होती, मीही तरणा होतो. आमची रीत अशी, की नवराबायको दोघं राबली तरी दोघांची मजुरी नवऱ्याच्याच हातात पडायची. बाईच्या हातावर पैसे ठेवायचे म्हणजे तिचा नवरा मेला की काय? — असं मीच हसून म्हणायचो. मोठा शहाणा!

ठकी दिवसभर मिठाच्या पाट्या वाहायची. पायांना भेगा, भेगांत मीठ. मजुरी मात्र तिचा नवरा धर्मा घ्यायचा, आणि मिरचीसाठीसुद्धा तिला त्याच्यापुढे हात पसरावा लागे. लुगडं फाटलं की तिची नणंद यमी आपलं जुनं द्यायची. त्या घरात ठकीला माया लावणारी ती एकटीच.

एकदा ठकी मला म्हणाली, "दादा, कष्ट माजं, न् हात पसराचा पन मीच? दर आठवड्याचं दोन आनं तुमचेकरं ठेवा. त्याला सांगू नका."

पावसाळ्यात आगर बंद झालं, की लेकीला घेऊन तिला कल्याणला भावाकडे कायमचं जायचं होतं. हे तिघांनाच ठाऊक — ती, यमी आणि मी. मी तिच्या मजुरीतून दोन आणे बाजूला काढून ठेवू लागलो. उपकार करत असल्याचा तोरा होता मला, खोटं कशाला बोलू?

मग धर्मानं मालकाकडे जाऊन सांगितलं, मुकादम मजुरी खातो. मालकानं मला बोलावलं. आणि मी — मी ठकीच्या पैशांची पुरचुंडी काढून धर्माच्या हातावर ठेवली. तुझ्याच बायकोचे आहेत म्हणालो. कुठे जाणार तेही सांगून टाकलं. माझी अब्रू वाचली.

त्यानं तिला गुरासारखं मारलं. पण थांबा, एवढंच असतं तर कदाचित मी कुणाजवळ बोललोही असतो. दुसऱ्या दिवशी ठकी आली. डोळा सुजून मिटलेला. माझ्याबद्दलचा संशय तिच्या मनाला शिवलाही नव्हता; धर्माला आधीच कळलं, म्हणून मला पैसे द्यावे लागले, असंच तिला वाटत होतं. तिनं विचारलं, "यमीनं सांगलं काय?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तीन दिवसांनी ती लेकीला कडेवर घेऊन रुळांच्या कडेनं चालत कल्याणला गेली. यमीला न सांगता. तिथे भात कांडून जगली, मजुरी स्वतःच्या हातात घेऊन. एकदा यमी लुगडं घेऊन तिला भेटायला गेली, तर ठकीनं दार लावून घेतलं. परत आल्यावर यमी मलाच विचारत होती, वैनी अशी का वागली? मी म्हणालो, काय ठाऊक.

ठकी गेल्या वर्षी वारली. यमी अजून आहे. तिचं घर माझ्या घरापासून शंभर पावलांवर आहे.