काकींनी आज कपबशी काढली

मंडळी, आज सकाळपासून माझं कामात लक्ष नाही. कारण ऐकून हसाल.

आठ महिन्यांपूर्वी मी लॅपटॉप उचलून जुन्नरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत राहायला गेले. नोकरी मुंबईचीच, पण ऑनलाइन. काल दोन दिवसांसाठी लालबागला घरी आलेय. सकाळी सवयीने शेजारच्या काकींकडे घुसले. लहानपणापासून त्यांच्या मांडणीवरचा स्टीलचा पेला मीच काढून घेते आणि ओट्यापाशी उभ्यानेच चहा पिते.

आज पेल्याला हात लावला, तर काकी म्हणाल्या, "अगो, तू कशाला? बस पंख्याखाली."

मग ट्रे आला. कपबशी, शेजारी बिस्किटं. ती कपबशी मी ओळखते. त्यांच्या मुलीला बघायला आले होते, तेव्हा मीच धुतली होती.

"काकी, मी काय पाहुणी आहे?"

"मग? उद्या जाणारच ना तू."

तेव्हापासून बॅग दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. कारण वाडीतल्या घरमालकीणबाईही घरच्यांना पेल्यात चहा देतात आणि मला अजून कपबशीतच.

मी समजत होते, माझी दोन घरं झाली.

तुम्हाला पेल्यात चहा कुठे मिळतो?