परातीतलं तांबं

डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत सुमतीबाई शिवण शिकवत, पण जीव अडकला होता अणूंत. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमधल्या भावाने त्यांना एक इंग्रजी मासिक आणून दिलं. धातू कसा वाकतो ते त्यात साबणाच्या फुग्यांवरून दाखवलं होतं. झालं, बाई पुरत्या चळल्या.

१९५३ साली मॅट्रिकच्या मुलींना विज्ञान शिकवावं की नाही, हे ठरवायला इन्स्पेक्टर हरिहर पोंक्षे आले. ते नाही म्हणाले असते, तर बाईंच्या नशिबी जन्मभर काजं-बटणं.

साहेबांना फुग्यांचा तोच प्रयोग दाखवायचं बाईंनी ठरवलं. फुगे एकसारख्या आकाराचे यायचे, तर हवा संथ सुटायला हवी. म्हणून बाईंनी प्रार्थनेच्या बाजाच्या पेटीतली एका सुराची पत्ती काढून तिथे रबरी नळी खोचली, नळीच्या टोकाला डॉक्टरांची इंजेक्शनची सुई लावली आणि सुई साबणाच्या पाण्याच्या परातीत बुडवली. भाता मारायला गाण्याच्या जॉर्जिनाबाई.

"साहेब ओरडले तर मी पळणार हां, सुमती," त्या आधीच सांगून मोकळ्या झाल्या.

साहेब ओरडले नाहीत, चक्रावले. मोहरीएवढे फुगे एकमेकांना चिकटून ओळीने बसत होते, तांब्याच्या धातूतल्या अणूंसारखे. बाईंनी दोन पट्ट्यांत धरून तो थर हलकेच रेटला. सगळ्या ओळी एकदम सरकल्या नाहीत. एका ओळीत एक फुगा कमी पडला आणि ती चूक टुणटुण उड्या मारत पार कडेला गेली.

"धातू असा वाकतो," बाई म्हणाल्या.

"आणि घणाचा दणका बसला तर?" साहेबांनी विचारलं.

"अशा चुका ढिगाने होतात, एकमेकींच्या वाटेत अडकतात. म्हणून ठोकलेलं तांबं कडक होतं."

"पट्ट्या द्या इकडे."

साहेबांनी कोट काढला आणि चक्क जमिनीवर बसकण मारली. "गेली, गेली, ती पाहा." पँट भिजली, चहा निवला. जॉर्जिनाबाईंना हसता हसता भाता आवरेना. मग साहेबांना आपलं साहेबपण आठवलं.

"कुठल्या कॉलेजच्या तुम्ही?"

"मॅट्रिक. पुढे शिवणाचा कोर्स."

"मग हे शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. जमेपर्यंत परात मांडत राहिले."

साहेबांनी ओल्या हाताने शेरेबुकात लिहिलं: जूनपासून विज्ञानाचा वर्ग सुरू करावा. सुमतीबाईंनीच शिकवावे.

ते वाचून बाई इतक्या हसल्या की रडूच आलं. दाराशी खोळंबलेल्या मुली आत घुसल्या. "बाई, लोखंडाचंही असंच होतं का?" नीलाने विचारलं.

इतक्या वर्षांत धाग्याच्या रंगापलीकडे बाईंना कुणी काही विचारलं नव्हतं.