क्रीममधला बांगडा

माझ्या लेकीला बढती मिळाली आणि तिने घरी पार्टी ठरवली. "आई, मेन्यूची काळजी तू करू नकोस," असं ती म्हणाली आणि मला तेव्हाच काळजी लागली. तिने कुठल्याशा व्हिडिओत स्मोक्ड फिश डिप पाहिलं होतं. म्हणजे धुरावलेला मासा कुस्करून क्रीममध्ये कालवायचा, लिंबू पिळायचं, वर हिरवं काहीतरी भुरभुरायचं आणि ज्यांना चव नाही अशा महागड्या बिस्किटांनी ते खायचं.

मासा तिने मोबाइलवरून मागवला. दुकानाने कळवलं, मासा संपलाय, त्याऐवजी चिकन सॉसेज पाठवतो आहोत. आणि खरंच पाठवले. लेक ते पाकीट हातात धरून रडकुंडीला आली.

"अगं, धुरावलेला मासा काय परदेशातच मिळतो का?" मी म्हटलं. "कोपरीला तुझी आजी काय करते मग?"

आजी म्हणजे माझी आई. आम्ही खाडीकाठचे कोळी. लग्नानंतर मी डोंबिवलीला मानपाड्याच्या टॉवरात आले, आई कोपरीला भावाकडे राहिली. खारवलेला बांगडा भिजवून, नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालांचा, धूर करून, वर टोपली पालथी घालून ती असा काही धुरावते की तुला तसा का जमत नाही म्हणून माझा भाऊ अजून बायकोशी भांडतो. पण आई माझ्या घरी येत नव्हती. दोन वर्षं झाली होती.

झालं होतं असं. ती माझ्याकडे राहायला आली असताना सकाळी गॅसवर सुके बोंबील भाजत होती. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी सोसायटीच्या कमिटीवर आहेत. त्या नाकाला ओढणी लावून दारात आल्या आणि थेट आईलाच विचारलं, "आजी, तुमच्याकडे उंदीरबिंदीर मेलाय का हो?" आईने गॅस बंद केला, दुपारी वरणभात जेवली आणि संध्याकाळी रिक्षात बसली. वहिनी मासे खात नाहीत असं समजू नका. पापलेट खातात, सुरमई खातात, पण हॉटेलात, आणि त्याला सी-फूड म्हणतात. सुकं म्हणजे मात्र वास.

पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवर 'काही सदनिकांतून येणाऱ्या उग्र दर्पाबद्दल' मेसेज आला. तेव्हापासून आमच्याकडे बोंबील भाजायचा म्हणजे चोरी करायची तयारी. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, एक्झॉस्ट चालू आणि सगळ्या घरात धूप. मजल्यावर आमची फार देवभक्त म्हणून ख्याती झाली. एकदा खालच्या काकांनी मला लिफ्टमध्ये सत्यनारायणाचा मुहूर्त विचारला.

हे सगळं मी विनोद म्हणून सांगते, पण मला माझी आई घरात हवी होती. बोलावलं की ती म्हणायची, "तुमच्या बिल्डिंगमधे नाय येत गो," आणि विषय बदलायची.

लेकीने फोन केला, "आजी, बांगडा पाठवू नकोस, घेऊन तूच ये." नातीला नाही म्हणणं आईला कधी जमलं नाही. आली. बांगडा केळीच्या पानात, पान डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. मंत्र्यालाही एवढा बंदोबस्त नसतो. आत येताच म्हणाली, "सकाली जाईन हां मी."

मग ती बांगड्याचे काटे काढायला बसली. लेकीने चक्का फेटला आणि क्रीमचा डबा उघडला, तसा आईचा हात थांबला.

"दुधात मासा? अंगावर चट्टे उठतील गो!"

"आजी, दूध नाहीये ते, क्रीम आहे."

"मंग? क्रीम काय झाडाला लागतं?"

लेकीने क्रीम चक्क्यात ओतलं. मी लिंबू पिळलं. डिप झालं आणि झकास झालं. आईने बोटावर घेऊन चाटलं, तोंड वाकडं केलं, आणि आणखी एकदा चाटलं.

पार्टीला लेकीच्या ऑफिसची मंडळी आली, आणि वहिनीही आल्या. त्यांना न बोलावून गाणी लावली असती तर ग्रुपवर गोंगाटाचा मेसेज आला असता. एका दाढीवाल्याने डोळे मिटून धुराचं लाकूड ओळखलं. म्हणाला, ओक. दुसऱ्याला नॉर्वे आठवला, जिथे तो गेला नव्हता. वहिनींनी वाटीचा ताबाच घेतला होता.

"कुठून मागवलंत?"

"आजीने केलंय!" लेक म्हणाली.

"घरी स्मोक केलं? किती हेल्दी! आजी, तुम्ही आमच्या लेडीजसाठी वर्कशॉप घ्या ना."

आई हसली. मला वाटलं, जिंकलो. मी इतकी फुशारले की दाढीवाल्याला ओकबद्दलही काही बोलले नाही.

पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना मी म्हटलं, "आता राहा आठवडाभर. बघितलंस ना, वहिनी किती खूश झाल्या?"

"खूश झाल्या," आई वाटी विसळत म्हणाली. "पन बांगड्यावर नाय. तुमच्यात मासा चालतो, पन तो मासा हाय ते कलू द्यायचं नाय. मना नाय जमायचं क्रीममधे बसायला."

मला राग आला. आधी तिचा आला, मग वहिनींचा, आणि मग घरातल्या त्या धुपाच्या पुड्याचा.

सकाळी ती साडी नेसून, पिशवी भरून बसली होती. मी फ्रीजरमधून बोंबील काढले. टॉवेल नाही, धूप नाही. खिडक्या उघडल्या, बाहेरचं दारही सताड उघडलं आणि गॅसवर जाळी ठेवली. थोड्याच वेळात वास मजलाभर झाला. वहिनी हसतच दारात उभ्या.

"अय्या, परत डिप? मी वासानेच आले बघा."

"डिप नाही, वहिनी. सुका बोंबील आहे. मागे आई भाजत होती तोच."

वहिनींचा हात ओढणीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. तो धड नाकाशी जाईना, धड खाली येईना. तेवढ्यात आई माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"या बाय, आत या. खाता काय एक? गरम हाय."

"नको, नको. आज माझा उपास आहे," वहिनी म्हणाल्या आणि गेल्या. रविवारचा हा कुठला उपास, ते मी विचारलं नाही. दारही लावलं नाही.

"करपवलास ना! सरक," आई म्हणाली. माझ्या हातातला चिमटा घेऊन तिने बोंबील उलटले, पदर खोचला आणि कपाट उघडून डबे हलवून बघायला लागली.

"तांदलाचं पीठ एवढंच? गुरवारपर्यंत कसं पुरल गो?"