फोन न उचलण्याचं काम

बंगळुरूजवळ बोम्मसंद्र्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तिथला कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे. सर्व्हर अडकला, लेबलं छापायची थांबली, की पहिला फोन मला यायचा. मी धावत जायचे, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचे. नागपूरहून येऊन तिथे माझं जे नाव झालं, ते या धावपळीवरच.

मग नवे साहेब आले. निपाणीकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायचे. आल्या आल्या म्हणाले, "उद्यापासून तुम्ही फोन घेऊ नका. हाताखालचे दोघं बघतील. तुम्ही कोपऱ्यातल्या खोलीत बसून विचार करा. तेच ते का बिघडतंय, कारखाना वाढला तर काय लागेल."

विचार करा! माणसाला घालवायचं असलं की आधी त्याचं काम काढून घेतात, हे मी पाहिलं होतं. साहेब एचआरशी कन्नडमध्ये बोलत असायचे आणि मी दिसले की गप्प व्हायचे, निदान मला तसं वाटायचं. घरी नवरा म्हणाला, "बायोडेटा तयार ठेव." मी ठेवला.

शेवटी विचारलंच, "सर, मला काढायचंय का?"

"काढायचं असतं तर खोली कशाला दिली असती हो? बसा की निवांत."

बसले. दुसरं काही नव्हतं म्हणून जुन्या तक्रारी वाचल्या. सर्व्हर बहुतेक शनिवारीच अडकायचा, कारण साठ्याची मोजणी आणि मालाची बिलं त्याच्यावर एकदमच चालायची. इतकी वर्षं मी त्याला नुसतं उठवून उभं करत होते. दोन्ही कामं वेगळ्या सर्व्हरवर न्यायची योजना मी मांडली, साहेबांनी ती मंजूर करून घेतली, आणि शनिवार शांत झाले.

काही महिन्यांनी हाताखालच्या त्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली. मंड्या जिल्ह्यातला होता, घरी लहान मुलगी. पिशवी भरता भरता आपल्या तोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, की मॅडम, फोनच येत नाहीत, मग दोन माणसं कशाला? आवाजात राग नव्हता. तेच मला सहन होईना.

मी साहेबांकडे गेले. "तुम्हाला हे आधीच माहीत होतं?"

"वरून आलं हो," ते म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले.

खरंही असेल. मला नाही ठरवता आलं. पुढच्या वर्षाची योजना त्यांनी मागितली, तेव्हा मी म्हटलं, "यात कोणाचं काम जाणार, ते आधी लिहून द्या." ते हसले, पण लिहून दिलं नाही. योजनाही मी अजून दिलेली नाही.