लांगझोंगला मोडलेला अकरावा गुरुवार

दत्तमहाराजांशी मी सौदा केला होता, हे आधीच कबूल करते. म्हणायचं त्याला नवस, पण मनातून तो सौदाच होता. आमची लेक रिया बर्मिंगहॅमला असते. दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं, दोन्ही वेळा चौथा महिना लागता लागता. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा नवव्या आठवड्यात तिने मला फोनवर सांगितलं, आणि आनंद व्हायचा सोडून मी चौथा महिना कधी लागतो ते मोजायला लागले. त्या संध्याकाळी नॉटिंगहॅमच्या आमच्या घरी देवासमोर बसून म्हटलं, "अकरा गुरुवार अन्नाला शिवणार नाही. विसाव्या आठवड्याचा स्कॅन तेवढा नीट होऊ दे." खरं सांगायचं तर तिकडे कुणी ऐकतंय का, याचीच मला तेव्हा खात्री उरली नव्हती. पण हातावर हात ठेवून बसवेना.

अडचण अशी की मला डायबेटिस आहे, आणि तीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत काम केलंय. "जेवणार नसाल तर ही गोळी घेऊ नका, साखर एकदम उतरेल," हे मी किती पेशंटना बजावलं असेल! म्हणून घरी गुरुवारी मी गुपचूप गोळी चुकवायचे. आमचे हे रिटायर्ड डॉक्टर, त्यांना कळलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण गुरुवारी ते दिवसभर अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, आपल्या भाज्यांत रमलेले असायचे. त्यामुळे दहा गुरुवार बिनबोभाट पार पडले.

अकरावा आला तो चीनमध्ये. ही ट्रिप ह्यांनी वर्षभर आधी ठरवलेली. मी जायला तयारच नव्हते. शेवटी रियाच म्हणाली, "आई, तू जा ना. तू इथे बसून माझा काळजी करणार, मग मला तुझा काळजी. प्लीज, जा." तिचं मराठी हे असं, पण मुद्दा बिनतोड होता. गेले.

लांगझोंग हे नाव मी त्याआधी कधी ऐकलंही नव्हतं. जालिंग नदी ह्या गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. आत दगडी गल्ल्या, काळ्या कौलांची बैठी घरं, चौकाचौकात फुलझाडांच्या कुंड्या, आणि सगळीकडे व्हिनेगरचा वास, कारण तिथे ते पिढ्यान् पिढ्या बनतं. ह्यांना तर कुठे पाहू आणि कुठे नको असं झालं होतं. माझं मात्र लक्ष घड्याळाकडे. रियाचा स्कॅन त्याच दिवशी होता. इंग्लंडचे सकाळचे दहा म्हणजे तिथले संध्याकाळचे पाच.

सकाळी हॉटेलात माझी पंचाईत झाली. प्रवासात औषधांचा डबा ह्यांच्याकडे असतो. ब्रेकफास्टला समोर बसून त्यांनी गोळी काढून दिली, "घे." नको म्हटलं असतं तर दहा प्रश्न आले असते. मी गिळली, आणि ते चहा आणायला उठले तसं ताटलीतलं अंडं आणि पाव नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकले. इतक्या वर्षांची माझी अक्कल त्या क्षणी कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

तीनच्या सुमाराला हे जुन्या लाकडी मनोऱ्यावर फोटो काढायला चढले. मी गुडघ्यांचं निमित्त करून नदीकडे जाणाऱ्या गल्लीत एका बाकावर बसले. थोड्या वेळाने घाम फुटला. बोटं थरथरायला लागली. मला काय होतंय हे मला नीट ठाऊक होतं, दुसऱ्या कुणालाही असेल त्याहून नीट. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्याही होत्या. आणि तरी मी त्या काढल्या नाहीत. दोनच तास राहिलेत, आता उपवास मोडला आणि पाच वाजता काही वाईट ऐकावं लागलं तर मी कुणाला तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं. हे लिहितानाही मला लाज वाटते. मग समोरची कौलं धूसर झाली आणि मी बाकावरच कलंडले.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या दुकानातली बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वय माझ्याहून थोडं जास्त, एप्रनला पीठ लागलेलं. दुकानात वाफाळणाऱ्या पावांच्या चळती होत्या. तिने गुळचट वासाच्या गरम पाण्याचा कप माझ्या ओठांना लावला. मी तोंड घट्ट मिटलं. वर तिला चक्क मराठीत सांगितलं, "नको हो, उपवास आहे माझा!" तिला काय कळणार? तिने माझे गाल एका हाताने दाबले, हट्टी पोराला औषध पाजावं तसा तो कप माझ्या घशात रिकामा केला, आणि वर तिच्या भाषेत मला फैलावर घेतलं. एक शब्द समजला नाही, पण बोलणी खातोय हे समजायला भाषा लागत नाही. मग एक गोड पाव मोडून घास घास करून भरवला. मी रडत रडत खाल्ला. इतकं गोड मी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं.

हे धावत आले. मी सगळं कबूल केलं: नवस, चुकवलेल्या गोळ्या, पर्समधलं अंडं. आधी त्यांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली. मग माझ्यावर जे बरसले ते इथे लिहीत नाही. मी म्हटलं, "अहो, मला काय बोलायचं ते बोला. पण मोडला हो माझा उपवास. आता तिचं काय होईल?"

 ते माझ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "अगं, ते बाळ काय तुझ्या उपवासावर उभं आहे? आणि तू मोडलास कुठे? तुझा तर जीव जायची वेळ आली तरी तू मोडत नव्हतीस. मोडला तो त्या बाईने. तिला कुणी उठवलं दुकानातून?"

ह्यांना मी कधी देवासमोर उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. त्यांच्या तोंडून हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तरी भीती जाईना. पाच वाजले. सव्वापाच, साडेपाच. त्या बाईने आम्हाला दुकानात आत बसवलं होतं आणि दर थोड्या वेळाने येऊन ती माझे हात चाचपून बघत होती. गार आहेत का, एवढंच.

पावणेसहाला फोन वाजला. "आई! सगळं नॉर्मल! हार्ट, स्पाइन, किडनी, एव्हरीथिंग. सारखा लाथ मारत होती, सोनोग्राफर म्हणाली, व्हेरी बिझी बेबी. आई? तू रडते का?"

 सुटले, एवढंच वाटलं. दहा आठवडे छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी त्या बाईच्या पायांशी वाकले तर ती दचकून दोन पावलं मागे सरली, तिला वाटलं मी परत पडतेय. ह्यांनी पोटापुढे हात गोल फिरवून, मनोऱ्याहून मोठं पोट करून दाखवलं, तेव्हा तिला उलगडा झाला. ती खो खो हसली आणि तिने माझ्या हातात आणखी एक पाव कोंबला.

मी कलंडले नेमक्या त्या क्षणी त्या बाईने दुकानातून मान वर का केली, मला माहीत नाही. वाद घालणार नाही. पण एक कळलं: मी देवाला अटी घातल्या होत्या, आणि माझी अट मोडूनच त्याने रियाचं बाळ सुखरूप ठेवलं, वर मलाही परत पाठवलं. माझ्या उपाशी पोटाची त्याला गरजच नव्हती. ती गरज माझी होती.

परत आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी पोहे केले, ह्यांच्यासमोर बसून पोटभर खाल्ले, गोळी घेतली आणि मग देवापुढे बसले. रियाचे अजून निम्मे दिवस जायचे आहेत. काहीही होऊ शकतं, हे मला ठाऊक आहे. सवयीने हात जोडले आणि मागायला तोंड उघडलं, पण काही मागितलं नाही. म्हटलं, "आता तुम्हीच बघा." आणि निरांजन तेवत ठेवून रियाला फोन करायला उठले, तिने जेवण केलं का ते विचारायला.